सदतीस वास, सहा मृत

माझ्या प्रोग्रामला वास येतो असं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पोहे खात होतो. म्हणणारा माणूस नव्हता, हे आधीच सांगतो. माणूस असता तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते आणि पोहे संपवले असते. ते एक टूल होतं, आणि ते मनीषच्या लॅपटॉपवर, आमच्याच घरात, आमच्याच डायनिंग टेबलावर, माझ्या तोंडावर बोललं.

आमची सोसायटी महाळुंग्याला. नाव 'मुळाकाठ'. मुळा नदी फक्त ए इमारतीच्या वरच्या मजल्यांवरून दिसते, तीही गॅलरीतून बरंच बाहेर वाकल्यावर. आणि गॅलरीतून वाकू नये असा फलक कमिटीने लावलेला आहे. इमारती चार. पाणी चारही इमारतींना एकदम पुरत नाही, म्हणून खालच्या मोठ्या टाकीतून ते आळीपाळीने गच्चीवरच्या टाक्यांत चढवावं लागतं. पूर्वी वॉचमन हातानं व्हॉल्व्ह फिरवायचे आणि रोज कुणाची तरी आंघोळ राहायची. मग मी एक प्रोग्राम लिहिला. बी इमारतीच्या जिन्याखालच्या खोलीत एक छोटा कॉम्प्युटर बसवला. तो सांगतो त्याप्रमाणे व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात, पंप चालू होतो, बंद होतो. तेव्हापासून 'मुळाकाठ'मध्ये पाण्यावरून भांडण झालेलं नाही. पार्किंगवरून झालेली आहेत, पण पार्किंगचा प्रोग्राम मी लिहिलेला नाही.

मी हिंजवडीत एका कंपनीत नोकरीला आहे. तिथे माझ्या हाताखाली कुणी नाही आणि डोक्यावर भरपूर जण आहेत. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधून त्या तिसऱ्याला कळवायच्या, असं साधारण माझं काम. सोसायटीत मात्र मला 'पाणीवाले काका' म्हणतात. लिफ्टमध्ये माझ्यासाठी जागा करून देतात. पाणीवाले काका हे संबोधन ऐकायला फार भारदस्त नाही, हे मलाही कळतं. पण हिंगोलीहून इतक्या लांब येऊन इतकी वर्षं नोकरी केल्यावर जो मान मिळाला तो एवढाच, आणि मी तो जपून वापरत होतो.

मनीष नवा सेक्रेटरी. सी इमारतीत राहतो, मूळचा जळगावचा, एका मोठ्या कंपनीत आर्किटेक्ट आहे. घरं बांधणारा नव्हे, सॉफ्टवेअरची रचना ठरवणारा. माणूस सेक्रेटरी झाला की त्याला काहीतरी तपासावंसं वाटतं. आधीच्या सेक्रेटरींनी आग विझवायची नळकांडी तपासली होती. मनीषच्या वाट्याला मी आलो.

"काका, तुमच्या कामाबद्दल शंका नाही," तो म्हणाला. "फक्त एकदा डिझाइन तपासून घेऊ. आता टूल्स असतात. माणसाने वाचायची गरजच नाही. कोड दिला की रचना कशी आहे, कुठे काय चुकलंय, सगळं दोन मिनिटांत सांगतात."

मी उदारपणे होकार दिला. खरं सांगायचं तर मनात कौतुकाची तयारीही करून ठेवली होती. टूलने दोन मिनिटंसुद्धा घेतली नाहीत. पडद्यावर लाल अक्षरांत आलं: एकूण दर्जा, डी.

खाली तपशील होता. प्रोग्रामची रचना बिघडलेली असली की आमच्या धंद्यात त्याला 'स्मेल' म्हणतात, म्हणजे वास. कुणी आणि का हे नाव दिलं कोण जाणे, पण जगभर तेच चालतं. माझ्या प्रोग्राममध्ये असे सदतीस वास निघाले. ज्या ओळी लिहिलेल्या आहेत पण कधीच वापरल्या जात नाहीत त्यांना 'डेड' म्हणतात. त्या सहा ठिकाणी होत्या. स्पष्टीकरण न देता ठोकून दिलेले आकडे म्हणजे 'मॅजिक नंबर', तेही होते. आणि सर्वांत वर, ठळक अक्षरांत, 'गॉड क्लास'. प्रोग्राममध्ये कप्पे करतात, त्यांना क्लास म्हणतात. प्रत्येकाने आपापलं काम करावं अशी अपेक्षा असते. एकच कप्पा सगळी कामं करत असेल, सगळ्यांच्या भानगडी त्यालाच माहीत असतील, तर त्याला गॉड क्लास म्हणतात. माझ्या प्रोग्राममध्ये कप्पाच एक होता.

शेवटी टूलने फार सभ्य भाषेत लिहिलं होतं, 'हा भाग नेमकं काय करतो ते वाचणाऱ्याला समजणं कठीण आहे.' इतक्या वर्षांच्या संसारात रजनीनेसुद्धा मला इतकं थंडपणे काही सांगितलेलं नाही. आणि ती शाळेत गणित शिकवते.

"बऱ्याच जणांचं असं येतं," मनीष म्हणाला आणि लॅपटॉप मिटून गेला. पोह्यांना हात लावावासा वाटेना.

इथवर प्रकरण आमच्या घरात होतं. पण मनीषला पारदर्शक कारभाराची आवड. त्याने अहवालाचा सारांश सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. आणि ग्रुपवर बरेच लोक मराठीच वाचणारे, म्हणून टाकण्याआधी फोनकडून त्याचं भाषांतर करून घेतलं. भाषांतर त्याने वाचलं नसावं. दुपारी चारही इमारतींतल्या फोनवर हे झळकलं:

'आपल्या पाणी प्रणालीची तपासणी केली. सदतीस वास आढळले. सहा मृत. जादूचे आकडे आढळले. एक देव वर्ग. दर्जा डी. लवकरच सुधारणा करू. सहकार्य करावे.'

मी ऑफिसातून येईपर्यंत गेटापाशी पाण्याच्या जारचा टेम्पो उभा होता. लोकांनी भरलेल्या बादल्या ओतून दिल्या होत्या. 'सहा मृत' वाचून ए इमारतीतल्या काहींनी गच्चीवरच्या टाक्या उघडून पाहिल्या. टाक्यांत काही नव्हतं, पण दुर्दैवाने डिशच्या अँटेनामागे एक मेलेलं कबुतर सापडलं. त्यामुळे आता उरलेल्या पाचांचा शोध चालू होता.

जिन्यात सुनीतीबाईंनी मला गाठलं. त्या निवृत्त शिक्षिका, डी इमारतीत राहतात.

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," त्या म्हणाल्या. "चार इमारती आहेत. मग दर्जा खराब फक्त डीचाच कसा?"

"बाई, तो डी म्हणजे इमारत नव्हे. ती श्रेणी आहे. प्रोग्रामची."

"श्रेणी मला शिकवू नका. मी आयुष्यभर दिल्यात. सर्वांत वाईटाला डी देतात हे माहीत आहे म्हणूनच विचारतेय, की आमच्या इमारतीला तेच अक्षर का दिलं."

हा प्रश्न बिल्डरला विचारायला हवा होता. पण बिल्डर सापडत असता तर इतरही पुष्कळ प्रश्न सुटले असते.

बी इमारतीच्या तळमजल्यावर कोंडाजी आणि रंभाबाई राहतात. सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांचीच. आमच्यातले बहुतेक जण कुठून कुठून नोकरीसाठी आलेले. कोंडाजी मात्र जागचे हललेले नाहीत, त्यांच्याभोवती इमारत बांधली गेली. ते खाटेवर बसले होते. बाजूला दोघंतिघं माहिती घेत होते.

"आवो, वास येनारच," कोंडाजी सांगत होते. "हितं आमचा गोठा व्हता. ही सी बिल्डिंग हाय न्हवं, तितं म्हशी बांधायचो आमी. धा म्हशी. भुई कुटं इसरतीय व्हय?"

"कोंडाजी, पाण्याला वास येत नाहीये," मी म्हणालो. "प्रोग्रामला येतोय."

"मंग प्रोग्राम धुवा की."

रंभाबाईंनी माझ्या हातात तुरटीचा खडा ठेवला. "टाकीत फिरवा चार डाव," त्या म्हणाल्या. "आन ते द्येव कसला निगालाय म्हनं? कुटं निगाला? त्याला आसं उगड्यावर ठिवू नगा."

देव वर्गाचा अर्थ मी त्यांना समजावून सांगितला. सगळी कामं एकटाच करतो, सगळ्यांचं सगळं त्यालाच माहीत असतं, म्हणून देव म्हणतात. रंभाबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग यात वाईट काय आहे, असं विचारलं. खरं म्हणजे माझंही मत तेच होतं.

मनीषने ग्रुपवर खुलासा टाकला. पण खुलासे कुणी वाचत नाही. कमिटीने ठरवलं की पाणी शुद्ध असल्याचा सरकारी दाखलाच आणावा, म्हणजे तोंडं बंद होतील. आणि पाण्याचा माणूस मी असल्यामुळे तो आणायला मलाच पाठवलं. मी रजा टाकून पाणीखात्याच्या कार्यालयात गेलो. खिडकीत एक शांत, चष्मेवाले गृहस्थ होते.

"तक्रार काय आहे?"

"पाण्याला वास येतो अशी अफवा आहे."

"वास येतो का?"

"नाही."

"मग तक्रार काय आहे?"

"तक्रार नाहीच. वास येत नाही, एवढं लेखी हवंय."

त्यांनी चष्मा काढला. "असं बघा. वास येत असेल तर आम्ही नमुना घेतो, तपासतो, आणि वास नाही असं लेखी देतो. वासच येत नसेल तर तपासायचं काय?"

"मग वास येतो असं लिहू का?"

"खोटी तक्रार केलीत तर ती मागे घ्यायचा अर्ज वेगळा असतो."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हेच जास्त त्रासदायक होतं. बराच वेळ आम्ही दोघांनी मिळून विचार केला. शेवटी त्यांनीच 'रहिवाशांना वासाचा भास' अशी नोंद करून घेतली आणि एक इन्स्पेक्टर पाठवायचं कबूल केलं. इन्स्पेक्टर आले तेव्हा पोराटोरांसकट सगळी सोसायटी खाली जमली होती. त्यांनी नमुन्याची बाटली भरली, पेल्यात थोडं पाणी घेऊन हुंगलं, मग सरळ पिऊन टाकलं आणि चहा मिळेल का असं विचारलं. रंभाबाईंनी त्याच पाण्याचा चहा करून दिला. तो इन्स्पेक्टरांनी संपवल्यावर लोक पांगले. डी इमारतीच्या वतीने सुनीतीबाईंनीही एक घोट घेतला, पण मान हलवली नाही.

पाण्यावरचा डाग गेला. माझ्यावरचा राहिला. कारण आता सगळ्यांना नीट कळलं होतं की घाण पाण्यात नसून माझ्या डोक्यातून निघालेल्या वस्तूत आहे. लिफ्टमध्ये अजूनही जागा करून देत, पण जरा जास्तच. एकाने तर मला धीर दिला. त्याच्या मुलालाही पहिल्या सत्रात डी मिळाला होता, आता शिकवणी लावली आहे, म्हणाला.

मी ठरवलं, ए दर्जा मिळवायचाच. कसाही.

ते काम वाटलं त्यापेक्षा सोपं निघालं. टूल नुसतं दोष दाखवून थांबत नव्हतं, उपायही सुचवत होतं. कप्पा मोठा आहे, फोडा. मी फोडला. प्रत्येक इमारतीला वेगळा कप्पा केला, पंपाला वेगळा केला, आणि कुणीही कुणाच्या कामात नाक खुपसू नये अशी व्यवस्था लावली. टूलला फार आवडलं. आकड्यांना नावं द्या, म्हणालं. मी दिली. सी इमारतीचा व्हॉल्व्ह उघडायच्या जागी टूलने पिवळी खूण केली होती. 'या दोन ओळी तंतोतंत सारख्या आहेत. एक काढून टाका.' पाहिलं तर खरंच, तीच आज्ञा लागोपाठ दोनदा लिहिलेली. मला स्वतःचीच लाज वाटली. मी एक काढली. टूलने हिरवी टिकली दिली. त्या हिरव्या टिकल्यांची पुढे पुढे मला सवय लागली. एखाद्या संध्याकाळी मिळाली नाही तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

आणि एका शनिवारी पडद्यावर ए आला. मी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. अंगठे आले, फुलं आली. मनीषने 'काका, ग्रेट' असं लिहिलं आणि नवा प्रोग्राम लगेच सुरू करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी बारसं होतं. त्याची बहीण जुईली बाळंतपणाला आली होती. जळगावहून पाहुणे येणार होते, आणि पाण्याचं सगळं व्यवस्थित हवं होतं.

मी आणि रजनी आमंत्रणाप्रमाणे गेलो तेव्हा घर माणसांनी गच्च भरलं होतं. पाळणा सजवलेला होता. बायका गाणी म्हणायच्या तयारीत होत्या. मनीषची बायको स्वरदा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि अगदी हळू आवाजात मला म्हणाली, "काका, नळाला नुसती हवा येतेय."

मी घड्याळ पाहिलं. सीची पाळी होऊन गेलेली होती. म्हणजे टाकी भरलेली असायला हवी.

"येईल," मी म्हणालो. "ए दर्जा आहे."

तेवढ्यात बेसिनपाशी मनीषचे एक काका हाताला साबण लावून उभे असलेले दिसले. नळ फुसफुसत होता. "इथं पाण्याचं कोण बघतं?" त्यांनी विचारलं. दोनतीन जणांनी माझ्याकडे बोट दाखवलं. काका साबणाचे हात तसेच धरून माझ्याकडे पाहत राहिले. मी नमस्कार केला. त्यांना करता येत नव्हता.

मग खालून वॉचमन धावत आला. पार्किंगमध्ये पाणी आलं होतं.

काय झालं होतं ते मला जिना उतरता उतरताच कळलं. सी इमारतीचा व्हॉल्व्ह जुना आहे. पहिल्यांदा आज्ञा मिळाली की तो नुसता हिसका देतो आणि अडतो, दुसऱ्यांदा मिळाली की उघडतो. म्हणून मी ती ओळ दोनदा लिहिली होती. का लिहिली ते मात्र कुठेच लिहिलं नव्हतं आणि पुढे मी स्वतःच विसरलो. आता व्हॉल्व्ह अडूनच राहिला. पूर्वी पंप चालवणाऱ्याला व्हॉल्व्हची अवस्था माहीत असायची. आता पंपाचा कप्पा वेगळा, त्याने दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही. तो बंद दारावर पाणी ढकलत राहिला, आणि शेवटी खालच्या पाइपाचा जोड निसटला. सोसायटीतल्या बऱ्याच जणांना त्या दिवशी पहिल्यांदा दारात नदी पाहायला मिळाली. ती मनीषच्या नव्या गाडीखालून निघून कोंडाजींच्या जीपला वळसा घालून गेटाकडे जात होती. कोंडाजी काठावर उभे होते.

"उतार बराबर हाय," ते म्हणाले. "भात लावलं आसतं तर चाललं आसतं."

मी आधी पंप बंद केला. वॉचमन आणि मनीष चिखलात बसून जोड आवळू लागले. मी जिन्याखालच्या खोलीत जाऊन जुना, डी दर्जाचा, सदतीस वासांचा प्रोग्राम परत चढवला. सीच्या व्हॉल्व्हने एक हिसका दिला, मग दुसरा, आणि उघडला. तोवर आमच्या बी इमारतीतून बादल्या निघाल्या होत्या. रंभाबाईंनी पुढाकार घेतला होता. लिफ्ट पाहुण्यांनी अडवलेली, म्हणून मीही दोन बादल्या घेऊन जिना चढलो. वर पोचलो तेव्हा मुलीचं नाव ठेवून झालं होतं. किमया. मनीषचे काका अजून साबणाचे हात धरून होते. मी त्यांच्या हातावर पाणी घातलं. हात मोकळे झाल्यावर त्यांनी मघाचा राहिलेला नमस्कार केला.

पुढच्या रविवारी सभा झाली. कोंडाजींनी ठराव मांडला. "जुना खराब प्रोग्राम हाय त्योच ऱ्हाऊ द्या. सुदारायचा न्हाई. सुदारायचा आसंल तर सबेला इचारून." मनीषने अनुमोदन दिलं. त्याने माझी जाहीर माफीही मागितली, तेव्हा त्याला खरंच वाईट वाटल्याचं त्याच्या आवाजातून जाणवत होतं. ठराव एकमताने मंजूर झाला. इतिवृत्तात असं नोंदलं गेलं की, 'श्री. एकनाथराव यांच्या प्रोग्रामचा डी दर्जा कायम ठेवण्यात येत आहे.' टाळ्याही वाजल्या. हा सत्कार आहे की शिक्षा, ते मला उमगलं नाही, पण टाळ्या होत्या म्हणून सत्कार समजलो.

घरी आलो तेव्हा उड्या मारायचंच काय ते बाकी होतं. रजनी वह्या तपासत होती.

"बघितलंस? मशीनला अक्कल नसते," मी म्हणालो. "माझ्याशिवाय या सोसायटीचं पान हलत नाही."

"तेच तर ते म्हणत होतं."

"कोण?"

"तुमचं टूल. सगळं एकालाच माहीत, बाकी कुणाला काही कळत नाही. मला वाटलं ते प्रोग्रामबद्दल बोलतंय. मग वाटलं, ह्यांना चांगलंच ओळखतं की." तिने पेनाला टोपण लावलं. "आपण शेवटचे बाहेर कधी गेलो?"

मी आठवायला लागलो.

"माझ्या भाच्याच्या लग्नातून तुम्ही जेवणाआधी निघालात, कारण डीचा व्हॉल्व्ह अडला होता. मुळशी इथून तासाभराच्या रस्त्यावर आहे. तिथे धरण आहे असं मी शाळेत मुलांना शिकवते. पाहिलेलं नाही."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती पुन्हा वह्या तपासायला लागली.

दोनतीन दिवसांनी स्वरदा आली. ती सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, पण टूल नव्हे, स्वतः बसून. "काका, मनीषने कोड टूलकडून वाचून घेतला. माणसाने कुणी वाचलाच नाही," ती म्हणाली. "मी वाचला तर चालेल का? तुम्ही शेजारी बसून सांगायचं."

सभेची परवानगी घ्यावी लागेल, असं मी म्हणणार होतो. रजनीने माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची सरकवून दिली.

असं शेजारी बसून सांगणं फार अवघड असतं. टूलने अपमान केला तो एकदाच आणि सरसकट. स्वरदा एकेक ओळीला थांबायची आणि अगदी आदराने विचारायची, "हे का, काका?"

"इथे चाळीस सेकंद थांबलंय. चाळीसच का?"

मला बराच वेळ आठवेना. मग आठवलं. पूर्वीच्या वॉचमनला जिन्याखालून पार्किंगपर्यंत चालत जाऊन पाइप पाहून यायला तेवढा वेळ लागायचा. तो वॉचमन केव्हाच सोडून गेला होता. सोसायटीचं पाणी अजून रोज त्याच्यासाठी थांबत होतं.

"आणि ही ओळ का?"

काही ओळींना उत्तर होतं, आणि ते ऐकून ती मान डोलवायची तेव्हा मला बरं वाटायचं. काहींना उत्तर नव्हतं. मेलेल्या सहा जागांपैकी एकीपाशी ती जास्त वेळ थांबली.

"काका, इथे ई इमारतीला पाणी सोडलंय. ई इमारत कुठे आहे?"

ई इमारत बिल्डरने नकाशात दाखवली होती. तिच्यासमोर बाग होती, बागेत बाकं होती. आम्ही घर घेतलं तेव्हा रजनीने तो नकाशा बराच वेळ हातात धरला होता. मी प्रोग्राम लिहिला तेव्हा ई इमारतीची पाळीही लावून ठेवली होती, म्हणजे लोक राहायला आले की पहिल्या दिवसापासून त्यांना पाणी मिळावं. आता तिथे दुसऱ्याच कुणाची तरी भिंत आहे.

"काढू?" स्वरदाने विचारलं.

मी चहाचा कप उचलला, त्यात चहा नव्हता, परत ठेवला. "काढ," म्हणालो.

सीच्या त्या दोन सारख्या ओळी तिने काढल्या नाहीत. त्यांच्यावर मराठीत लिहिलं, 'हा व्हॉल्व्ह अडतो. दोनदा सांगावं लागतं. यातली एकही ओळ काढू नये.' पंपाला व्हॉल्व्हची खबर मिळेल एवढी वाट ठेवली. मग कप्पे केले, पण माझ्यासारखे भराभर नाही. प्रत्येक कप्पा झाला की आम्ही खाली जाऊन पाणी चढतंय का ते पाहायचो. शेवटच्या दिवशी मनीषही आमच्याबरोबर जिन्याखाली वाकून उभा होता. बिघाड झाला तर काय करायचं ते स्वरदाने माझ्याकडून वदवून घेतलं आणि मनीषने ते स्वतः एकदा करून पाहिलं. टूलने बी दर्जा दिला. त्या दोन ओळींवरची पिवळी खूण तशीच आहे. सभेत हा बदल मंजूर करताना सुनीतीबाईंनी फक्त एवढंच विचारलं की आता बी इमारतीला राग येणार नाही ना.

नंतरच्या शनिवारी मी आणि रजनी मुळशीला गेलो. धरणाकाठी एका घरात खोली मिळाली. पुढे भाताची खाचरं, त्यापलीकडे पाणी, इतकं पाणी की ते आळीपाळीने सोडावं लागत असेल असं मनातही येऊ नये. माझ्या मात्र आलं. फोनला रेंज खोलीत नव्हती, बाहेरच्या टेकाडावर होती. मी सहज म्हणून टेकाडावर गेलो. कुणाचाही फोन आलेला नव्हता. चहानंतर पुन्हा गेलो. रविवारी सकाळी एची पाळी होऊन गेली असेल, मग बीची, मग सीची. सीच्या वेळेला मी टेकाडावरच उभा होतो. ग्रुपवर कुणीतरी गणपतीचा फोटो टाकला होता, आणि कुणाची तरी चप्पल हरवली होती. बाकी शांतता.

जेवायच्या सुमाराला मला राहवेना. मनीषला फोन करणं बरं दिसलं नसतं, म्हणून रंभाबाईंना केला.

"पाणी आलं का, रंभाबाई?"

"आलं की. का वो? जानार हाय का?"

"नाही, नाही. आपलं विचारलं."

"मंग खाली येऊन इचारायचं. जिना उतरायला जीव जातुया व्हय तुमचा? फोन कशाला लावताय?"

"मी मुळशीला आलोय. कालपासून."

पलीकडे त्यांनी कोंडाजींना काहीतरी विचारलेलं ऐकू आलं.

"आमाला पत्त्याच न्हाई," त्या परत फोनवर येऊन म्हणाल्या. "ह्यास्नी बी न्हाई. आमी म्हनलं हायेत वरच. रजनीताई हायेत न्हवं संगं?"

"आहे."

"मंग ऱ्हावा की निवांत. ठिवते."

मी फोन खिशात टाकला. वाईट वाटलं, ते का नाकारू. मग त्याच्या जोडीला आणखी काहीतरी हलकं वाटायला लागलं. ते कशासारखं होतं ते पाहत पाहत मी खाली आलो.

ओसरीवर जेवण वाढलं होतं. तांदळाची भाकरी, धरणातले मासे, वाफाळता भात. रजनी माशाचा काटा काढण्यात गुंतली होती.

"काय म्हणाल्या?" तिने वर न बघता विचारलं.

"पाणी आलं."

"आणि?"

"आणि काही नाही. आपण इथे आहोत हे त्यांना माहीतच नव्हतं."

रजनीने तेव्हा वर पाहिलं. मग न विचारता माझ्या ताटात माशाचा मोठा तुकडा ठेवला. मी जेवलो. हात धुतले. मालक अंगणात जाळं सुकवत होते. त्यांच्याकडे जाऊन विचारलं, खोली आणखी एक दिवस मिळेल का.